लहान मैदानावरचा खेळाडू पारखावा कसा?

(बी. ए. भाग २)

गुणी खेळाडू कोणता, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. फलंदाज असेल तर त्याच्या धावा पाहा, गोलंदाज असेल तर बळी मोजा. मुंबईच्या नामांकित मैदानांवर खेळणाऱ्या मुलाला हे उत्तर पुरते. त्याने ज्यांच्याविरुद्ध धावा काढल्या ते कोण, खेळपट्टी कशी होती, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असते. पण एखाद्या लहान गावाच्या, लहान महाविद्यालयाच्या, नाव नसलेल्या क्लबाच्या मुलाने एका सामन्यात सात बळी घेतले, तर त्या सातांचा अर्थ काय लावायचा? सात बळी खरेच, पण कुणाचे? हा प्रश्न निवड करणाऱ्याच्या मनात येतो आणि त्यात काही गैर नाही. गैर एवढेच की, बहुतेक वेळा प्रश्न मनात येतो आणि तिथेच विरतो. उत्तर शोधायला त्या मैदानावर कुणी जात नाही.

मी स्वतः खेळाडू नाही. महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचा गुणलेखक आहे. पहिल्या वर्षी चाचणीला गेलो तेव्हा सरांनी माझी दोन षटके पाहिली आणि न रागावता हाती गुणवही दिली. तेव्हापासून दोन हंगाम झाडाखाली बसून मी पेन्सिल झिजवतो आहे. तिथून जे दिसले आणि ग्रंथालयात व मोबाईलवर जे वाचले, त्याची ही जुळवाजुळव आहे. क्रिकेट न आवडणाऱ्या वाचकांनीही ही तीन-चार पाने सोसावीत. आपल्यापैकी किती जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस आपणच आहोत, हे मला ठाऊक आहे. माझ्या घरात तसेच आहे. उद्या मुलाखतीला गेल्यावर समोरचा गृहस्थ आपली गुणपत्रिका हातात धरून हाच प्रश्न मनात विचारणार आहे : साठ टक्के खरेच, पण कुठल्या कॉलेजचे?

विदर्भाचा संघ या प्रश्नाखाली अनेक वर्षे राहिला. रणजी करंडकात तो १९५७-५८ च्या हंगामात प्रथम उतरला आणि पहिले विजेतेपद मिळाले ते १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून हरवून. मधल्या साठ वर्षांत आपण कुणाच्या खिजगणतीत नव्हतो म्हटले तरी चालेल. २००२-०३ पासून रणजीचे एलिट आणि प्लेट असे दोन गट पडले, तेव्हा विदर्भाच्या वाट्याला बरीच वर्षे प्लेट आला. एलिटवाले ताटात जेवत होते, आम्ही ताटलीत! प्लेट गटातले शतक मुंबईला किंवा दिल्लीला वाचणारा माणूस मनातल्या मनात त्यातून तीस-चाळीस धावा वजा करूनच वाचत असणार. वजाबाकी करण्याला माझी हरकत नाही. पण ती सरसकट करायची की माणूस पाहून करायची?

उमेश यादवचे उदाहरण आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. वडील खाण कामगार, पोलीस आणि सैन्यभरतीचे फसलेले प्रयत्न, आणि मग देशाचा वेगवान गोलंदाज. एवढी कथा सांगून कुठल्याही स्नेहसंमेलनात टाळ्या घेता येतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. खापरखेड्याजवळच्या वलनी खाणीच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस बॉलनेच खेळत होता. लेदर बॉल हातात आला तो क्लबात आल्यावर. आणि २००८ च्या नोव्हेंबरात तो विदर्भाकडून मध्य प्रदेशाविरुद्ध रणजी सामना खेळतही होता. म्हणजे ज्यांनी त्याच्याविषयी निर्णय घेतला, त्यांच्यापुढे सांगण्यासारखे आकडे नव्हतेच. शालेय स्पर्धा नाही, वयोगटाची स्पर्धा नाही, काही नाही. तेव्हा विदर्भाचे कर्णधार प्रीतम गंधे होते. त्यांना दिसला तो वेग. चेंडूला दिशा धड नव्हती; पण वेग होता. गंधे यांनी पुढे आपला हिशेब सांगितला आहे तो असा की, सहांपैकी तीन चेंडू जरी यष्टींच्या रेषेत पडले तरी हा मुलगा फलंदाजाला अडचणीत आणील.

या हिशेबात एक मोठे शहाणपण आहे. खेळाडूच्या गुणांचे दोन भाग करता येतात. काही गोष्टी समोर कोण आहे यावर अवलंबून असतात : धावा, बळी, सरासरी. काही गोष्टींना समोरच्याशी देणेघेणे नसते. ताशी एकशे चाळीस किलोमीटर वेगाचा चेंडू वलनीच्या मैदानावर टाका की कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, तो तेवढ्याच वेगाने जातो. चेंडू उशिरा वळणे, टप्पा पडल्यावर उसळणे, दिवसाच्या शेवटच्या तासातही पहिल्या तासाइतकाच जोर असणे, हे सारे दुसऱ्या भागात येते. फलंदाजाच्या बाबतीत चेंडूचा टप्पा लवकर ओळखणे, म्हणजे फटक्यासाठी त्याच्याजवळ वेळ शिल्लक असणे. लहान मैदानावर पाहायला गेलेल्या माणसाने आधी हा दुसरा भाग पाहावा. पहिल्या भागातून हवी तितकी वजाबाकी करावी.

उमेशच्या बाबतीत पुढची पायरीही लवकर आली. पहिल्या हंगामात चार सामन्यांत वीस बळी घेतल्यावर त्याला दुलीप करंडकासाठी मध्य विभागाच्या संघात घेतले आणि तिथे दक्षिण विभागाविरुद्ध त्याने राहुल द्रविड आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांना बाद केले. आता विचारा, कुणाचे बळी? दुलीप करंडकासारखी मधली पायरी याचसाठी मोलाची असते. प्लेट गटातून एकदम कसोटीत कुणी उडी मारू शकत नाही आणि निवड समितीही तसा धोका पत्करत नाही. पण मधल्या पायरीवर एकदा उभे केले की दोन-चार सामन्यांत बरेचसे कळून येते. २०१० मध्ये त्याला दिल्ली डेअरडेव्हिल्सने घेतले, त्याच वर्षी मे महिन्यात तो झिंबाब्वेत भारताकडून एकदिवसीय सामना खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भ संघातून कसोटी खेळणारा तो पहिला. (सी. के. नायडूंचा जन्म नागपूरचा आणि १९३२ मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार तेच; पण ते विदर्भ संघाचे नव्हेत, त्यांचे नाव होळकर संघाशी जोडलेले आहे.) उमेशच्या नावावर सत्तावन्न कसोटींत १७० बळी आहेत आणि २०१५ च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक, म्हणजे अठरा बळी त्याचेच होते.

वेग हा डोळ्यांना दिसणारा गुण आहे. न दिसणाऱ्या गुणांचे काय? तिथे गुणवहीचा उपयोग होतो, मात्र ती नीट लिहिली पाहिजे. एका सामन्यात मैदान एकच, हवा एकच, फलंदाज तेच. अशा वेळी आपल्या गोलंदाजाची तुलना मुंबईच्या गोलंदाजाशी करण्याऐवजी दुसऱ्या टोकाकडून त्याच वेळी टाकणाऱ्या गोलंदाजाशी करावी. समोरचे फलंदाज कच्चे असतील तर दोघांसाठीही कच्चेच आहेत. माझ्या वहीत मी नेहमीच्या रकान्यांखेरीज आणखी एक रकाना आखला आहे. फलंदाज चकला, म्हणजे बॅट फिरवली आणि चेंडू लागला नाही, की तिथे एक टिंब. बळी मिळणे हे झेल घेणाऱ्याच्या हातावर आणि पंचाच्या बोटावरही अवलंबून असते. टिंब मात्र निखळ गोलंदाजाचे. हंगामाच्या शेवटी टिंबे मोजली की बळींच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असलेला एखादा मुलगा एकदम वर येतो.

बाबा गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात गेली सव्वीस वर्षे काम करतात. त्यांना ही वही दाखवली तेव्हा त्यांना क्रिकेट कळले नाही, रकाना कळला. ते म्हणाले, थानाचे पहिले वार नेहमी चांगलेच असते, घेणारा तेवढेच पाहील हे कारखान्याला माहीत असते. मुरलेला व्यापारी थान मधून उलगडतो, एक सूत ओढून मोडतो, पदर ओला करून रंग जातो का पाहतो. गिरणीचा छाप पाहून घेणारे गिऱ्हाईकही असतेच. ते चूक करते असे नाही, पण छाप नसलेला चांगला माल त्याला कधीच मिळत नाही.

निवड चाचणी या प्रकाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लहान जागेच्या मुलांचे नशीब बहुधा तिथेच ठरते. शे-दीडशे मुले येतात, जाळ्या दोन किंवा तीन असतात, संध्याकाळपर्यंत उरकायचे असते. गोलंदाजाला दोन षटके मिळाली तर पुष्कळ. आता अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी जी संभाव्यता शिकवली ती इथे लावून पाहा. दर पन्नास चेंडूंमागे एक बळी घेणारा गोलंदाज हा रणजीच्या दर्जाचा चांगला गोलंदाज मानायला हरकत नाही. अशा गोलंदाजाने बारा चेंडू टाकले तर त्याला एकही बळी न मिळण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याहत्तर येते. आणि त्याच्या निम्म्या कुवतीचा, म्हणजे शंभर चेंडूंमागे एक बळी घेणारा घ्या. त्याला बळी न मिळण्याची शक्यता शंभरात एकोणनव्वद. म्हणजे बारा चेंडूंत त्रिफळा उडवला की नाही, यावरून चांगला आणि सामान्य यांत फरक करणे जवळजवळ अशक्य आहे. त्यांनाच तीनशे चेंडू द्या, म्हणजे पन्नास षटके. एकाला सहाच्या आसपास बळी अपेक्षित, दुसऱ्याला तीनच्या. आता कुठे फरक दिसू लागला; तोही पक्का नव्हे.

यावर कुणी म्हणेल, अनुभवी निवडकर्ता बळी पाहत नाही, धाव पाहतो, मनगट पाहतो, चेंडू सोडतानाचा हात पाहतो. खरे आहे. बारा चेंडूंत वेग दिसतो, शैली दिसते. पण थकल्यावर मुलगा काय करतो, चौकार बसल्यावर पुढचा चेंडू कुठे टाकतो, चेंडू जुना झाल्यावर त्याच्याजवळ काही उरते का, हे बारा चेंडूंत देवालाही कळणार नाही.

रजनीश गुरबानीची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला हा गोलंदाज डोळे दिपवणाऱ्या वेगाचा नव्हे. जाळीतल्या बारा चेंडूंवर त्याच्यासारख्याकडे कुणी वळून पाहिले असते असे मला वाटत नाही. २०१७-१८ च्या हंगामात त्याने सहा रणजी सामन्यांत एकोणचाळीस बळी घेतले. कोलकात्याला ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना होता. समोरच्या संघात मयंक अगरवाल आणि कसोटीत त्रिशतक काढलेला करुण नायर होते. गुरबानीने पहिल्या डावात पाच आणि दुसऱ्या डावात सात बळी घेतले आणि विदर्भाने तो सामना अवघ्या पाच धावांनी जिंकला. पाच धावांचा फरक उरलेला असताना शेवटचे षटक टाकणाऱ्या माणसाचे मन कसे असते, ते कोणत्या जाळीत मोजणार? पुढे अंतिम सामन्यात त्याने दिल्लीच्या तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅट्ट्रिक होती.

फलंदाजांची पारख आणखी अवघड. त्यातही खालच्या क्रमांकावर येणाऱ्याची. आपल्या नागपूरचा शुभम दुबे याचे वडील पानठेला चालवीत. २०२३ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने सात सामन्यांत २२१ धावा केल्या. सर्वाधिक धावांच्या यादीवरून बोट फिरवणारा माणूस इथपर्यंत पोचणारसुद्धा नाही. त्या यादीत वरची जागा सलामीला येणाऱ्यांचीच असते, कारण त्यांना चेंडू जास्त मिळतात. पण बंगालविरुद्ध २१३ धावांचा पाठलाग चालू असताना मागाहून येऊन त्याने वीस चेंडूंत नाबाद ५८ केल्या. किती धावा यापेक्षा किती चेंडूंत आणि कोणत्या अडचणीत, असे ज्यांनी विचारले त्यांना तो दिसला. डिसेंबर २०२३ च्या लिलावात वीस लाखांच्या मूळ किमतीवरून बोली चढत चढत पाच कोटी ऐंशी लाखांवर गेली आणि तो राजस्थान रॉयल्सकडे गेला. तेव्हा त्याचे वय एकोणतीस होते. अमरावतीच्या जितेश शर्माला २०२२ मध्ये पंजाब किंग्जने वीस लाखांत घेतले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बंगळूरने अकरा कोटी मोजले. मधल्या पावणेतीन वर्षांत माणूस पंचावन्नपट चांगला झाला असे थोडेच आहे! पाहणाऱ्यांची नजर बदलली.

वयाचा उल्लेख आलाच आहे. एकोणीस वर्षांखालील, तेवीस वर्षांखालील असे जे गट आहेत, ते ज्याच्या हातात दहाव्या वर्षी लेदर बॉल आला त्याच्यासाठी सोयीचे आहेत. चांगली बॅट, पॅड, बूट, क्लबाची वर्गणी आणि मैदानापर्यंतचे जाणे-येणे हे सारे आमच्याकडच्या घरांना जमते ते उशिरा, आणि जमलेच तर. अठराव्या वर्षी सुरुवात करणारा एकोणिसाव्या वर्षी अपुरा दिसणारच. त्याला आठव्या वर्षी सुरुवात केलेल्याच्या शेजारी उभा करून ‘हा कच्चा’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण एका वर्षात तो इथवर आला, हे कुणी मोजत नाही. मला वाटते, उशिरा सुरू केलेल्या मुलाची उंची मोजू नये, वाढ मोजावी. मागच्या दिवाळीला काय करत होता आणि या दिवाळीला काय करतो?

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल फार लोकप्रिय आहे. आपल्या फुटबॉलशी त्याचे नावापुरतेच नाते. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक जागा असते. प्रत्येक डाव तो सुरू करतो, चेंडू कुणाकडे फेकायचा ते तीन-चार सेकंदांत ठरवतो. समजा कर्णधार, यष्टिरक्षक आणि मुख्य फलंदाज एकाच माणसात. दर वर्षी तिथले बत्तीस व्यावसायिक संघ महाविद्यालयांतून नवे खेळाडू क्रमाने निवडतात. मोठ्या विद्यापीठांचे सामने लाखभर माणसे पाहतात. लहान कॉलेजांचे क्वार्टरबॅक आपल्या प्लेट गटासारखे. कर्ट वॉर्नर नावाचा एक क्वार्टरबॅक नॉर्दर्न आयोवा या लहान विद्यापीठाचा. तिथेही शेवटच्या वर्षापर्यंत तो राखीवच होता. १९९४ मध्ये त्याला कुणीही निवडले नाही. एका संघाने सरावाला बोलावून परत पाठवले आणि तो किराणा दुकानात फळ्यांवर माल लावण्याचे काम करू लागला. मग छोट्या बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धेत तीन हंगाम, पुढे युरोपातल्या संघाकडून एक. आणि १९९९ च्या हंगामात तो अमेरिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारी २००० मध्ये त्याचा संघ अजिंक्यपद जिंकला.

ही गोष्ट वाचून माझ्या एका मित्राला स्फुरण चढले आणि लहान जागेचेच खेळाडू खरे, असे त्याने जाहीर केले. त्याच्यासाठी दुसरी गोष्टही सांगतो. नॉर्थ डकोटा स्टेट हेही मोठ्या विद्यापीठांच्या पंगतीत न बसणारे. तिथला ट्रे लान्स २०२१ च्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर उचलला गेला. महाविद्यालयात सुरुवातीपासून खेळलेले त्याचे सामने होते फक्त सतरा. २०२३ मध्ये त्या संघाने त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात दुसऱ्या संघाला देऊन टाकले. लहान जागा हा गुण नव्हे, तसा तो दोषही नव्हे. दुर्लक्षिलेल्यांमध्ये हिरे असतात असे म्हणण्याची पद्धत आहे. पण बहुतेक दगड असतात, आणि कोणता कोणता हे कळायला पुष्कळ सामने पाहावे लागतात. सतरा पुरत नाहीत, तिथे बारा चेंडूंची काय कथा!

मग पाहायचे कुणी? आपल्याकडे एक प्रयत्न झाला, तो मला फार आवडतो. मकरंद वायंगणकर या मराठी क्रीडापत्रकाराच्या कल्पनेतून २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने गुणवत्ता शोधणारा एक विभाग काढला. दिलीप वेंगसरकर त्याचे अध्यक्ष होते. जुन्या खेळाडूंना देशभर लहान सामने पाहायला पाठवायचे आणि त्यांनी लेखी अहवाल द्यायचा, एवढेच त्याचे काम. बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार असेच २००३ मध्ये जमशेदपूरला गेले. तिथे त्यांनी महेंद्रसिंग धोनी पाहिला आणि त्याच्याविषयी अहवाल पाठवला. धोनीने तेव्हा विशी ओलांडली होती. वयाच्या ठरीव चौकटीत बसवायचे म्हटले असते तर तो अहवाल लिहिण्याचेच कारण नव्हते. पुढे तो विभाग बंद झाला. आता आयपीएलच्या संघांचे पारखी फिरतात, चित्रफिती पाहतात, शिबिरे घेतात. मुंबई इंडियन्सच्या जॉन राइट यांनी २०१३ मध्ये गुजरातकडून खेळणारा जसप्रीत बुमराह असाच एका सामन्यात पाहिला. ही व्यवस्था वाईट नाही. पण ती राज्याच्या संघापर्यंत पोचलेल्याला पाहते. त्याच्या खालचा मुलगा, क्लबात आणि महाविद्यालयात खेळणारा, अजूनही कुणीतरी प्रीतम गंधे भेटण्यावरच अवलंबून आहे.

असा एक मुलगा आमच्या संघात आहे म्हणून हा सारा खटाटोप. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. आमच्याच मोहल्ल्यातला, डावखुरा, मध्यमगती. त्याचे वडील बाजारात कापडाच्या गाठी हातठेल्यावर वाहतात. माझ्या वहीत टिंबे सर्वांत जास्त त्याची आहेत, आणि विशेष म्हणजे नव्या चेंडूपेक्षा तीस षटके जुन्या झालेल्या चेंडूवर जास्त. बळी मात्र बेताचे, कारण त्याच्या चेंडूवर उडणारे झेल स्लिपमध्ये जातात आणि आमच्या स्लिपविषयी न बोललेलेच बरे. यंदा पावसाळा संपल्यावर तो शहरातल्या एका चाचणीला गेला. आठ चेंडू मिळाले, सगळे कोऱ्या चेंडूने; मग नाव पुकारणाऱ्याने पुढचे नाव पुकारले. त्यात कुणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याविषयी काही कळण्याची सोयच नव्हती, इतकेच.

घरी दुसरा प्रश्न वाट पाहत होता. वडिलांची पाठ आता गाठी उचलू देत नाही. एका शेठजींनी मुलाला विक्रीवर घ्यायची तयारी दाखवली आहे. सकाळी दहा ते रात्री आठ, ठरलेला पगार. नोकरी धरली तर खेळ संपला आणि कदाचित तिसरे वर्षही. ‘क्रिकेटने कुणाचे घर चालले आहे का?’ असे त्याचे वडील विचारतात. उमेश यादवचे नाव घेऊन त्यांना उत्तर देणे मला प्रामाणिक वाटत नाही. वलनीसारख्या वसाहतींतून वेगाने चेंडू टाकणारी किती मुले खाणीत गेली, त्यांची यादी कुणी ठेवलेली नाही.

म्हणून मी दुसरे केले. दोन हंगामांच्या वह्या उतरवून काढल्या : कोणत्या सामन्यात किती षटके, चेंडू किती जुना, टिंबे किती, दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाची टिंबे किती, सुटलेले झेल किती. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या आकड्यांसाठी वेगवेगळे रकाने. स्तुतीचा एकही शब्द लिहिला नाही. हे कागद घेऊन आम्ही एका क्लबाच्या जुन्या खेळाडूकडे गेलो. काकांनी कागद उलटसुलट पाहिले आणि विचारले, ‘टिंबे तूच मारतोस ना, आणि मित्रही तुझाच?’ प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, ‘म्हणूनच तुम्ही या.’ ते दोन रविवार आले. पहिल्या रविवारी झाडाखाली माझ्या शेजारी बसून त्यांनी स्वतःची वेगळी टिंबे मारली आणि संध्याकाळी दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. माझी सहा जास्त निघाली. ती त्यांनी खोडून टाकली. दुसऱ्या रविवारी त्यांनी मुलाला तिसऱ्यांदा गोलंदाजीला आणायला लावले, ऊन उतरल्यावर, चेंडू अगदी मऊ झाल्यावर. आणि तेव्हा मात्र वही मिटून नुसते पाहत राहिले.

क्लबात त्याचे नाव नोंदवले आहे. शेठजींनीही जागा गुढीपाडव्यापर्यंत धरून ठेवायचे कबूल केले. माझे बाबा त्यांच्याशी बोलले. पाडव्याच्या आत क्लबाचे दोन सामने आहेत. नवा चेंडू दोन्हींत जुन्या गोलंदाजांकडेच राहणार, असे काकांनी स्पष्ट सांगितले आहे. याला तिसाव्या षटकानंतर बोलावतील. आम्हाला तेच हवे होते.